नोव्हेना

नोव्हेना : सलग नऊ दिवस किंवा ओळीने नऊ आठवडे करायची कॅथलिक ख्रिस्ती भक्तिप्रार्थना. एखादे मागणे मनात धरून संताच्या, पवित्र मरीयेच्या किंवा पवित्र आत्म्याच्या नावाने ठरलेली प्रार्थना रोज म्हणतात. बहुतेक वेळा तिच्या जोडीला प्रभूची प्रार्थना, ‘नमो मारिया’ आणि त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांची, स्तुती असते. सणाच्या आधीची नोव्हेना सहसा अशी बेतलेली असते की नववा दिवस सणाच्या आदल्या दिवशी यावा. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) किंवा साक्रामेंते (बाप्तिस्मा, विवाह असे पवित्र संस्कार) यांच्यासारखी ती चर्चची अधिकृत उपासना नव्हे. ती ऐच्छिक आहे आणि तिला फादर असलेच पाहिजेत असे नाही. त्यामुळे ती चर्चमध्ये जशी होते तशी घरातल्या वेदीपुढे, दवाखान्याच्या वॉर्डात आणि लोकलच्या डब्यातही होते. मागणेही कसलेही चालते : मूल, नोकरी, व्हिसा, घराचा तंटा, आजारपण, दारू सुटणे.

नऊ या आकड्याचा आधार बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात सांगितला जातो. पुनरुत्थानापासून चाळिसाव्या दिवशी येशूचे स्वर्गारोहण झाले आणि पवित्र आत्मा पन्नासाव्या दिवशी उतरला. मधले नऊ दिवस प्रेषित आणि मरीया यरुशलेमेत एकत्र प्रार्थना करीत होते. म्हणून ही पहिली नोव्हेना मानतात. पोप लिओ तेरावे यांनी १८९७ साली पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या, आधीची नोव्हेना जगभरच्या सर्व धर्मग्रामांत (पॅरिशांत) करावी असे फर्मावले. नोव्हेनांच्या या भल्यामोठ्या पसाऱ्यात वरून आज्ञा होऊन सर्वत्र लागू झालेली ती विरळा. बाकीच्या बहुतेक नोव्हेना लोकांमधून वर आल्या आणि चर्चने त्यांना मागाहून मान्यता दिली. नऊ दिवसांच्या शोकाची प्रथा तर ख्रिस्तपूर्व रोमन लोकांतही होती. पोपच्या निधनानंतर आजही नऊ दिवस मिस्सा होतात; २०२५ साली पोप फ्रान्सिस यांच्यासाठी त्या २६ एप्रिल ते ४ मे या काळात झाल्या. स्पेनमध्ये नाताळाआधीच्या नऊ दिवसांचा संबंध मरीयेच्या गरोदरपणाच्या नऊ महिन्यांशी जोडला गेला. मराठी वाचकाला इथे नवरात्र आठवणारच, पण दोन्हींची मुळे वेगळी आहेत.

गोव्याशी थेट नाते असलेली नोव्हेना म्हणजे संत फ्रान्सिस झेविअर यांच्या नावाची ‘कृपेची नोव्हेना’. तिची कथा नेपल्समध्ये सुरू होते. १६३३च्या डिसेंबरात तेथे एका उत्सवाची सजावट उतरवताना मार्सेलो मास्त्रिल्ली या येशूसंघी (जेझुइट) धर्मगुरूच्या डोक्यावर हातोडा पडला आणि ते मरणाच्या दारात पोहोचले. जानेवारी १६३४मध्ये झेविअर यांचे दर्शन होऊन आपण बरे झालो, असे त्यांनी सांगितले. आपल्या संतपद-घोषणेच्या स्मरणार्थ जो नऊ दिवस प्रार्थना करील त्याला आपण मध्यस्थी देऊ, असे झेविअर यांनी म्हटल्याची परंपरा आहे. झेविअर यांना संत घोषित केले गेले १२ मार्च १६२२ रोजी. म्हणून ही नोव्हेना ४ ते १२ मार्च. मास्त्रिल्ली बरे झाल्यावर जपानला जाण्यास निघाले ते गोव्यामार्गे. झेविअर यांचे शरीर ज्या चांदीच्या पेटीत जुन्या गोव्यातील बॉम जेझस बासिलिकेत आहे, ती मास्त्रिल्ली यांच्याच पुढाकाराने गोव्याच्या कारागिरांनी घडवली. १६३७ साली मास्त्रिल्ली नागासाकीत मारले गेले. एवढे असूनही गोव्यात गर्दी होते ती मार्चमधल्या नोव्हेनेला नाही, तर ३ डिसेंबरच्या फेस्ताआधी, २४ नोव्हेंबरपासून होणाऱ्या नोव्हेनेला. त्या दिवसांत जुन्या गोव्यात पहाटेपासून एकामागून एक मिस्सा चालतात. कारवार, बेळगाव, सावंतवाडीकडून लोक पायी येतात.

गावोगावच्या सणांची नोव्हेना हा याच रीतीचा लहान अवतार. गोव्यात आणि वसईत चर्चच्या सणाआधी नऊ दिवस संध्याकाळी लोक जमतात. एकेका दिवसाचा मान एकेका वाड्याकडे, कुटुंबाकडे किंवा मंडळाकडे असतो. फुले, गाणी, प्रवचनाला येणारे फादर आणि शेवटचा खाऊ या सगळ्याचा भार त्या दिवसाचे मानकरी उचलतात. ८ सप्टेंबरच्या मरीयेच्या जन्मदिवसाआधी मुलांना फुलांच्या परड्या घेऊन आणतात आणि त्यांच्या हातून मूर्तीपुढे फुले वाहतात. वांद्र्याच्या मोत माउलीची (माउंट मेरीची) जत्रा याच सणाची.

मुंबईत मात्र नोव्हेना म्हटले की आधी माहीम आठवते आणि वार बुधवार. सेंट मायकल चर्च मुळात १५३४चे. आजची इमारत १९७३ सालची. फादर एडवर्ड प्लॅसिडस फर्नांडिस यांनी उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे पाहिलेली नोव्हेना ८ सप्टेंबर १९४८ रोजी येथे सुरू केली. ती ‘अवर लेडी ऑफ पर्पेच्युअल सकर’, म्हणजे सदैव धावून येणाऱ्या मातेच्या नावाची. गंमत अशी की मनिलाच्या बाक्लारान येथील याच मातेची बुधवारची नोव्हेनाही १९४८चीच, जूनमधली. या मातेचे मूळ चित्र रोममध्ये आहे. पोप पायस नववे यांनी १८६६मध्ये ते रिडेम्प्टरिस्ट या धर्मगुरूंच्या संघाच्या हवाली केले आणि त्या संघाने त्याच्या प्रती जगभर पोहोचवल्या. सिंगापुरात तर या संघाच्या चर्चमुळे तो सगळा भागच नोव्हेना म्हणून ओळखला जाऊ लागला आणि तेथल्या मेट्रो स्टेशनलाही तेच नाव आहे. चित्रात बाल येशू आईचा हात घट्ट धरून मागे वळून पाहतो आहे. घाईत त्याच्या पायातली एक चप्पल सुटून लोंबते आहे. दोन्ही बाजूंना मायकल आणि गॅब्रिएल हे दूत त्याच्या पुढच्या यातनांची चिन्हे घेऊन उभे आहेत. भेदरलेले मूल आईकडे धावते, हे समजायला ख्रिस्ती असावे लागत नाही. माहीमच्या रांगेत हिंदू, मुसलमान, पारशी दिसतात त्याचे बरेचसे उत्तर या चित्रात आहे असे वाटते.

माहीमची नोव्हेना ‘निरंतर’ प्रकारची आहे : ती नऊ दिवसांनी संपत नाही, वर्षभर दर बुधवारी दिवसभर वेगवेगळ्या भाषांत होत राहते. भाविक आपल्यापुरते नऊ बुधवार धरतो. बुधवार चुकला तर पुन्हा पहिल्यापासून, असे अनेक जण मानतात. चर्चचा तसा नियम नाही, पण हा हट्ट मोडणे फादरांनाही जमलेले नाही. बाहेरच्या स्टॉलवर मेणबत्त्यांबरोबर मेणाचे हात, पाय, बाळ, घर मिळते. जे मागायचे त्याची आकृती वाहायची. मोत माउलीलाही हीच रीत आहे.

या प्रार्थनेचा खरा विशेष तिच्या सार्वजनिकपणात आहे. मागणे अगदी खाजगी असते, पण ते पूर्ण झाले की गप्प बसायचे नाही, अशी अट भाविक स्वतःवर घालून घेतो. निरंतर नोव्हेनेत विनंतीची आणि आभाराची पत्रे चर्चमध्ये येऊन पडतात आणि त्यांतली काही निनावी वाचून दाखवली जातात. परीक्षेत पास झालेला मुलगा, गाठ साधी निघालेली बाई, दहा वर्षांनी घरी परतलेला भाऊ. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांचे मागणे अजून अडकलेले असते. त्यांना या पत्रांतून जो धीर मिळतो तो प्रवचनातून क्वचितच मिळत असेल. मिस्सा लॅटिनमध्ये होत असे त्या काळात नोव्हेना आणि रोझरी (जपमाळेची प्रार्थना) लोकांच्या बोलीत म्हणता येत. सामान्य माणसाचा जीव त्यांच्यावर जडला तो यामुळेही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) वसईत मिस्साही मराठीत आली, पण नोव्हेनेची ओढ काही ओसरली नाही.

आभार छापून आणण्याची प्रथा सर्वांत ठळक दिसते ती संत ज्यूड यांच्या बाबतीत. येशूच्या बारा प्रेषितांतले हे ज्यूड. विश्वासघातकी यहूदाच्या नावाशी नाव जुळल्यामुळे त्यांच्याकडे शतकानुशतके कुणी फारसे वळत नसे. ज्याला कुणी हाक मारत नाही तो हाकेला लवकर येईल, या हिशेबाने ते आशा सुटलेल्या प्रकरणांचे संत झाले, असे सांगतात. त्यांच्या आधुनिक भक्तीचे मोठे केंद्र शिकागोत १९२९ साली क्लॅरेशियन धर्मगुरूंनी उभे केले. पोलादाच्या कारखान्यांतले स्थलांतरित मजूर तेथे येत. त्या वर्षी २८ ऑक्टोबरला, ज्यूड यांच्या सणाला, तेथली नोव्हेना तुडुंब गर्दीत संपली आणि दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. पुढच्या मंदीत या संतांकडे येणाऱ्यांची वाण पडली नाही. भारतात त्यांचे मोठे तीर्थस्थान झाशीला आहे.

ज्यूड यांच्या प्रार्थनेच्या प्रचलित पाठांत ‘कृपा झाल्यावर हे प्रसिद्ध करण्याचे वचन द्यावे’ अशी ओळ असते. म्हणून मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत भाड्याने देणे, नाव बदलणे यांच्या शेजारी ‘संत ज्यूड यांचे आभार’ अशा दोन ओळी आणि खाली नुसती आद्याक्षरे वर्षानुवर्षे दिसत आली. पैसे मोजून छापलेली आणि नाव लपवलेली ही जाहिरात कशाचीच विक्री करत नाही.

वर्तमानपत्र न परवडणाऱ्यांसाठी पत्रक होते. तळहाताएवढ्या कागदावर प्रार्थना, वर संताचे चित्र. प्रवासाला निघालेल्याच्या पाकिटात, आजाऱ्याच्या उशीखाली, नव्या सुनेच्या हातात ते दिले जाते आणि तेथवर कुणाचीच हरकत नाही. भांडण सुरू होते ते पत्रकाच्या तळाशी. ‘रोज नऊ प्रती चर्चमध्ये ठेवा’, म्हणजे नऊ दिवसांत एक्याऐंशी. ‘ही प्रार्थना कधीच वाया गेलेली नाही’. आणि काहींवर ‘साखळी तोडणाऱ्यावर संकट आले’. असे कागद बाकांवरून गोळा करून टाकून देणे हे चर्च सांभाळणाऱ्याचे नेहमीचे काम असते. कॅथलिक धर्मशिक्षणानुसार केवळ बाह्य कृतीत सामर्थ्य आहे असे मानणे ही अंधश्रद्धा होय. संत मध्यस्थी करतात, देणारा देव. प्रार्थनापुस्तके स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करू नयेत, असे १९८३च्या चर्च कायद्याचे कलम ८२६ सांगते. झेरॉक्स मशीनला आणि पुढे व्हॉट्सॲपला अर्थातच या कलमाचा पत्ता नाही. २०२० साली टाळेबंदीत चर्चचे दरवाजे बंद झाले तेव्हा नोव्हेना मोबाइलच्या पडद्यावर आली. त्याच पडद्यावर ‘अकरा जणांना पाठवा’ हा जुना धाकही आला, फक्त एक्याऐंशी प्रतींचे कष्ट त्यातून गेले.

चर्चच्या अधिकृत भूमिकेत या सगळ्याबद्दल तुच्छता मात्र नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनेविषयीच्या १९६३च्या दस्तऐवजाने भक्तिप्रार्थनांची शिफारस केली, फक्त त्या मुख्य उपासनेशी सुसंगत असाव्यात आणि तिच्याकडे नेणाऱ्या असाव्यात अशी अट घातली. लोकभक्तीविषयीच्या २००१च्या मार्गदर्शिकेचाही रोख तोच आहे. माहीमसारख्या ठिकाणी नोव्हेनेला जोडून मिस्सा आणि पापनिवेदनाची सोय असते ती याच विचाराने.

नऊ दिवस थांबायला वेळ नसेल तेव्हाचीही तजवीज आहे. प्रागच्या बाल येशूच्या भक्तीत नऊ तासांची नोव्हेना आहे, तासातासाला एकदा. आपल्याकडे नाशिक रोडचे बाळ येशूचे तीर्थस्थान प्रसिद्ध असून तेथे फेब्रुवारीत यात्रा भरते. मदर तेरेसा याहून घाईच्या होत्या. मरीयेला उद्देशून असलेली ‘स्मरण कर’ ही छोटी प्रार्थना त्या ओळीने नऊ वेळा म्हणत आणि लगेच दहाव्यांदा, मिळालेल्या कृपेबद्दल आभार म्हणून. कृपा तोवर मिळालेली नसे. दहावी आगाऊ असे.