संगणक जाळ्यांतील सेवागुणवत्ता

संगणक जाळ्यातून एकाच वेळी जाणाऱ्या निरनिराळ्या प्रकारच्या माहितीला तिच्या गरजेप्रमाणे वेग, वेळेची शाश्वती आणि बिनगळतीची पोच मिळावी म्हणून जे उपाय योजतात, त्यांना मिळून सेवागुणवत्ता किंवा क्यूओएस म्हणतात. आयपी जाळे, म्हणजे इंटरनेटच्या नियमांवर चालणारे जाळे, मुळात बेस्ट एफर्ट (‘जमेल तेवढे’) पद्धतीने चालते : राउटर, म्हणजे वाट ठरवणारे उपकरण, आलेले पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) जमेल तेव्हा पुढे पाठवतो, वाट मोकळी नसेल तर रांगेत ठेवतो आणि रांग भरली की नंतर आलेले टाकून देतो. फाइल उतरवून घेताना हे खपते, कारण टीसीपी (पोच तपासणारी वाहतुकीची नियमावली) हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवते. फोनवरच्या संभाषणात ते खपत नाही. उशिरा पोचलेला आवाजाचा तुकडा हरवल्यातच जमा असतो.

सेवागुणवत्तेच्या उपायांनी बँडविड्थ, म्हणजे जोडणीची दर सेकंदाला माहिती नेण्याची क्षमता, वाढत नाही. रांगेत कोण आधी, कोण नंतर आणि जागा संपली की कोणाचे पॅकेट टाकायचे, एवढेच ते ठरवतात. त्यामुळे जिथे रांग लागत नाही तिथे त्यांचा उपयोग नाही, आणि रांग दुसऱ्याच्या उपकरणात लागत असेल तर आपल्या उपकरणावर लिहिलेले नियम कितीही बारकाईचे असले तरी निरुपयोगी ठरतात. या कामातली बहुतेक अपयशे इथेच उगम पावतात.

परिमाणे : गुणवत्ता चार गोष्टींनी मोजतात – बँडविड्थ, विलंब, जिटर म्हणजे विलंबातील चढउतार, आणि पॅकेट लॉस म्हणजे पॅकेटांची गळती. यांपैकी विलंब उलगडून पाहावा लागतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी. जातो, म्हणजे दर १,००० किमी.ला एकेरी ५ मिलिसेकंद लागणारच. त्यावर कोणत्याही सेटिंगचा इलाज नाही. पॅकेट तारेवर चढवायला लागणारा वेळ दुव्याच्या वेगावर ठरतो : १,५०० बाइटांच्या पॅकेटला १ एमबीपीएस (सेकंदाला दहा लाख बिट) दुव्यावर १२ मिलिसेकंद, १०० एमबीपीएसवर ०.१२ मिलिसेकंद. उरतो रांगेतला विलंब. तो शून्यापासून काही सेकंदांपर्यंत कितीही असू शकतो, आणि आपल्या हातातला घटक तोच.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या (आयटीयू) जी.११४ शिफारशीनुसार संभाषणासाठी एकेरी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. ४०० मिलिसेकंदांच्या वर जाईल अशी जाळ्याची आखणी करू नये. जिटर शोषण्यासाठी ऐकणाऱ्याच्या बाजूला जिटर बफर, म्हणजे पॅकेटे क्षणभर साठवणारी जागा, असतो. तो मोठा केला की आवाजाचा तुटकपणा कमी होतो, पण तेवढाच विलंब वाढतो. म्हणून जिटर मुळाशी कमी करणे केव्हाही बरे.

बँडविड्थचा हिशेबही वरवर करून चालत नाही. जी.७११ कोडेकचा (आवाज अंकांत बदलण्याच्या एका पद्धतीचा) आवाज ६४ केबीपीएसचा (सेकंदाला ६४ हजार बिट) म्हणतात. पण दर २० मिलिसेकंदांना १६० बाइटांचा आवाज घेऊन एक पॅकेट निघते आणि त्यावर आयपी, यूडीपी व आरटीपी या प्रोटोकॉलांची (दळणवळणाच्या नियमावल्यांची) मिळून ४० बाइटांची शीर्षके, म्हणजे पत्ता वगैरे माहिती, चढतात. सेकंदाला ५० पॅकेटे धरली की ८० केबीपीएस झाले. इथरनेटचे १८ बाइट जोडले की ८७.२. दहा संभाषणांसाठी ६४० केबीपीएस राखून ठेवले, तर आठवे संभाषण सुरू होताच रांग तुंबते आणि एकट्या आठव्याचा नव्हे, आठही जणांचा आवाज तुटू लागतो.

रांग का वाढते : पॅकेटे एकसारख्या अंतराने येत नाहीत, घोळक्याने येतात. यादृच्छिक आवक धरणाऱ्या साध्या गणिती प्रतिमानात दुवा ५० टक्के भरला असता पॅकेटला रिकाम्या दुव्याच्या दुप्पट वेळ लागतो, ९० टक्क्यांना दहापट आणि ९५ टक्क्यांना वीसपट. ‘आलेखात वापर ४० टक्केच दिसतो, मग कॉल का तुटतात?’ हा प्रश्न म्हणूनच वारंवार पडतो. पाच मिनिटांच्या सरासरीत काही मिलिसेकंदांचा घोळका दिसत नाही. अशा वेळी वापराच्या आलेखापेक्षा त्या पोर्टवर (उपकरणाला तार जोडण्याच्या जागी) टाकून दिलेल्या पॅकेटांची संख्या पाहावी.

गर्दी हाताबाहेर गेली तर काय होते, हे ऑक्टोबर १९८६ मध्ये दिसले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यामधील जेमतेम ४०० यार्डांच्या मार्गावर वेग ३२ केबीपीएसवरून ४० बीपीएसवर घसरला. त्यातून संशोधक व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेले टीसीपीचे गर्दी-नियंत्रण आले : पॅकेट हरवले की पाठवणाऱ्याने वेग कमी करायचा. पुढचे बरेच उपाय या वागणुकीवर विसंबून आहेत.

खूण आणि विश्वासाची सीमा : १९९४ साली मांडलेल्या इंटसर्व्ह पद्धतीत प्रत्येक प्रवाहासाठी (एका संभाषणाच्या किंवा फाइलच्या पॅकेटांसाठी) वाटेतल्या सर्व राउटरांवर जागा राखली जाई; १९९७ चा आरएसव्हीपी हा त्यासाठीचा प्रोटोकॉल. लाखो प्रवाहांची नोंद मधल्या राउटरांनी ठेवणे मोठ्या जाळ्यात झेपले नाही. १९९८ ची डिफसर्व्ह पद्धत टिकली : जाळ्याच्या कडेला पॅकेटवर खूण करायची आणि मधल्या राउटरांनी फक्त खूण पाहून रांग निवडायची. ही खूण, म्हणजे डीएससीपी, आयपी शीर्षकातील ६ बिटांची असते. आवाजासाठी ४६, परस्पर संवादाच्या व्हिडिओसाठी ३४, नेहमीच्या वाहतुकीसाठी ० हे सर्वमान्य आकडे आहेत.

इथे एक चूक फार होते. ज्या बाइटात हे ६ बिट बसतात त्यातले खालचे २ बिट ईसीएनचे, म्हणजे गर्दीची सूचना देण्यासाठीचे, असतात, त्यामुळे डीएससीपी ४६ असता पूर्ण बाइटाची किंमत १८४ येते. काही साधने डीएससीपी मागतात, काही पूर्ण बाइट. बाइट मागणाऱ्या रकान्यात ४६ लिहिले की खूण ११ होते आणि आवाजाची पॅकेटे गुपचूप सामान्य रांगेत जातात. कुठेही त्रुटीचा संदेश उमटत नाही.

वापरकर्त्याच्या संगणकाने केलेल्या खुणेवर आंधळा विश्वास ठेवू नये. सर्वांनीच स्वतःला ४६ लावून घेतले तर अग्रक्रम उरतच नाही. आयपी फोन जोडलेल्या पोर्टवर खूण मान्य करावी, इतरत्र पुसून नियमाप्रमाणे नव्याने लावावी.

रांगांची मांडणी : आवाजासाठी कडक अग्रक्रमाची एक रांग आणि बाकीच्यांना वजनाप्रमाणे वाटा, ही मांडणी बहुतेक ठिकाणी पुरते. अग्रक्रमाच्या रांगेला मर्यादा घालणे अत्यावश्यक आहे. साधारणपणे दुव्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त देत नाहीत. मर्यादा नसेल तर ती रांग भरलेली असेपर्यंत इतर कोणाचाही नंबर लागत नाही. वर्ग चार-पाचच ठेवावेत. बारा वर्गांचा आराखडा कागदावर देखणा दिसतो, पण सहा महिन्यांनी कोणता वर्ग कशासाठी हे सांगणारे कोणी उरत नाही.

वेग आखून देण्याच्या दोन पद्धती आहेत. शेपिंगमध्ये जादा पॅकेटे थोपवून धरतात, पोलिसिंगमध्ये तिथल्या तिथे टाकतात. दोन्हींचा हिशेब टोकन बकेटने होतो : ठरलेल्या दराने टोकन जमा होतात आणि टोकन असेल तरच पॅकेट पुढे जाते. पोलिसिंगमध्ये बकेट फार लहान ठेवली की टीसीपीचे हाल होतात. आधुनिक टीसीपी सुरुवातीलाच १० पॅकेटांचा, म्हणजे सुमारे १५ किलोबाइटांचा घोळका पाठवते. ८ किलोबाइटांच्या बकेटमध्ये त्यातला निम्मा बुडतो आणि १० एमबीपीएसची मर्यादा असूनही हाती त्याचा अंश लागतो. पॅकेट जाऊन उत्तर परत येईपर्यंतच्या फेरीच्या वेळेत जेवढी माहिती जाते, निदान तेवढी बकेट असावी : १० एमबीपीएस आणि ५० मिलिसेकंदांसाठी ६२.५ किलोबाइट.

बफरब्लोट : पॅकेट हरवू नये म्हणून उपकरणांत मोठमोठे बफर घातले गेले आणि त्यातून उलटाच त्रास उद्भवला. १,५०० बाइटांच्या १,००० पॅकेटांचा बफर १० एमबीपीएसच्या अपलोडवर भरला, तर शेवटच्या पॅकेटला १.२ सेकंद थांबावे लागते. एक फाइल वर चढू लागली की सगळ्यांचे व्हिडिओ कॉल अडखळतात ते यामुळे. टीसीपी पॅकेट हरवण्याची वाट पाहते, आणि बफर ते हरवू देत नाही. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली कोडेल पद्धत रांगेची लांबी न मोजता पॅकेट रांगेत किती वेळ थांबले ते मोजते. हा वेळ सलग १०० मिलिसेकंद ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला की ती पॅकेटे टाकू लागते. प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देणारे तिचे रूप एफक्यू-कोडेल आणि त्यापुढचे केक ही दोन्ही लिनक्समध्ये उपलब्ध आहेत. घर किंवा लहान कार्यालयासाठी वर्गवारीच्या खटाटोपापेक्षा यांतले एक सुरू करणे हाच सर्वांत फलदायी उपाय आहे.

त्याचा क्रम असा. रिकाम्या जोडणीवर पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ, मोजावा, मग अपलोड आणि डाउनलोड पूर्ण भरून पुन्हा मोजावा. १५ मिलिसेकंदांचा पिंग भाराखाली ३०० झाला तर निदान झालेच. मग राउटरवर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ९० ते ९५ टक्के ठेवावी. त्यामुळे रांग मोडेममध्ये न लागता आपल्या राउटरमध्ये लागते. डाउनलोडची रांग सेवादात्याकडे असल्याने तिथे जरा खाली, ८५ ते ९० टक्क्यांवर यावे लागते. एडीएसएलवर (टेलिफोनच्या तारेवरच्या इंटरनेटवर) ५३ बाइटांच्या सेलमधले, म्हणजे ठरावीक मापाच्या तुकड्यातले, ४८ बाइटच कामाचे असतात, हेही हिशेबात घ्यावे. सर्व बरोबर करूनही फरक पडला नाही तर राउटरमधील हार्डवेअर प्रवेगक (प्रोसेसरचे काम हलके करणारा भाग) तपासावा : तो चालू असताना पॅकेटे रांगेच्या यंत्रणेला वळसा घालून जातात. तो बंद केल्यावर स्वस्त राउटरचा प्रोसेसर दमतो, आणि मग नवा राउटर घेण्यावाचून इलाज राहत नाही.

वायफाय आणि टनेल : वायफायमध्ये आवाज, व्हिडिओ, सामान्य आणि पार्श्वभूमी असे चार वर्ग आहेत. अनेक उपकरणे डीएससीपीचे वरचे ३ बिट उचलून वर्ग ठरवतात. ४६ मधून ५ निघतो आणि ५ व्हिडिओच्या वर्गात पडतो. आवाज आवाजाच्या वर्गात जायचा तर तो ६ वर बसवावा लागतो. २०१८ च्या आरएफसी ८३२५ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजामध्ये ही जुळणी दिली आहे. व्हीपीएन हा टनेल, म्हणजे एक पॅकेट दुसऱ्याच्या पोटात घालून नेणारी खासगी वाट. त्यात आतल्या पॅकेटची खूण बाहेरच्या शीर्षकावर उतरवली नाही, तर वाटेतल्या राउटरांना सगळी वाहतूक सारखीच दिसते. उतरवली तर आयपीसेक या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीमध्ये दुसरीच अडचण उभी राहू शकते : मागच्या रांगेत थांबलेले पॅकेट पोचेपर्यंत अग्रक्रमाची पॅकेटे इतकी पुढे गेलेली असतात की ६४ पॅकेटांच्या अँटी-रीप्ले (जुनी पॅकेटे पुन्हा पाठवण्याची लबाडी रोखणाऱ्या) खिडकीबाहेर पडून ते टाकले जाते. ही खिडकी मोठी केल्यावर गळती थांबते.

गळती गर्दीमुळे नसेल तर यातले काहीच लागू पडत नाही. तारेच्या एका टोकाला फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणे व घेणे) आणि दुसऱ्याला हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच) असले, तर रिकाम्या दुव्यावर पिंग ठीक चालतो, पण भार येताच पॅकेटे पडू लागतात. पोर्टच्या गणकांत लेट कोलिजन (उशिराची टक्कर) आणि सीआरसी (पॅकेट बिघडल्याच्या) त्रुटी वाढताना दिसतात. म्हणून रांगांना हात लावण्याआधी हे गणक शून्य करून भाराखाली दहा मिनिटे पाहावेत.