नव्या ट्रॅकमध्ये जुना ट्रॅक ऐकू येतो: हवेतली गळती आणि संगणकातली गळती

कुडाळ-सावंतवाडीकडच्या एखाद्या भजनी मंडळाने गणपतीआधी घरच्या संगणकावर गजर ध्वनिमुद्रित करायला घेतला, की आधी पखवाज, मग पेटी, त्यावर बुवांचा आवाज आणि शेवटी टाळ-झांज व कोरस असा क्रम ठेवणे सोयीचे पडते. मिश्रण करताना मात्र बुवांचा ट्रॅक, म्हणजे त्यांचे स्वतंत्र ध्वनिमुद्रण, एकटा लावला तर त्यात मागे पखवाज वाजताना ऐकू येतो आणि त्याचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येत नाही.

हा दोष दोन निरनिराळ्या वाटांनी येतो. पहिल्या वाटेत गायक ज्या हेडफोनवर जुना ट्रॅक ऐकत गातो त्यातून पखवाज खोलीच्या हवेत निसटतो आणि तिथून गायकासमोरच्या माइकमध्ये शिरतो. दुसऱ्या वाटेत तो हवेत येतच नाही. संगणक जे वाजवत आहे तेच आतल्या आत रेकॉर्डिंगकडे वळते. लक्षण एकसारखे असले तरी एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही: भिंतींना गोधड्या टांगून संगणकातली चुकीची निवड सुधारत नाही आणि ड्रायव्हर पुन्हा टाकून हेडफोन गळायचा थांबत नाही. म्हणून काहीही विकत घेण्याआधी निदान करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

कानाला फरक बऱ्याचदा कळतो. हवेतून आलेला पखवाज पातळ असतो. डाव्या पुडीचा घुमार जवळजवळ नाहीसा होतो, उजव्या पुडीचे कडक बोल आणि हेडफोनमध्ये लय दाखवण्यासाठी मेट्रोनोम लावला असेल तर त्याची टिकटिक तेवढी उरते, आणि गायकाने मान वळवली की तीही बदलते. आतून आलेला पखवाज मात्र मूळ ट्रॅकइतकाच भरीव असतो आणि गायक कुठेही उभा राहिला तरी तसाच राहतो.

खात्रीसाठी माइकचा गेन (माइकचा संकेत किती वाढवून घ्यायचा ते ठरवणारी पातळी) शून्यावर आणावा, जुना ट्रॅक वाजता ठेवावा आणि नव्या ट्रॅकवर अर्धा मिनिट रेकॉर्डिंग करावे. पखवाज तरीही उमटला तर वाट संगणकाच्या आतली आहे. माइक नुसता उपसून ही चाचणी करू नये, कारण लॅपटॉप त्या क्षणी स्वतःच्या अंगच्या माइककडे वळू शकतो आणि निष्कर्ष फसवा निघतो. गेन शून्यावर असताना पखवाज गेला, तर गेन पूर्ववत करून हेडफोन जोडलेलाच ठेवावा, पण त्याचे कप गोधडीत गुंडाळून माइकपासून दूर न्यावेत. आता शांतता मिळाली तर गळती हवेतली होती. एवढे करूनही पखवाज येत राहिला तर संशय तारेवर घ्यावा: हेडफोन आणि माइक एकाच पिनेवर असलेल्या हेडसेटमध्ये दोघांची ग्राउंडची तार सामाईक असते आणि तिच्यातून एकाचा संकेत दुसऱ्यात उतरतो. तिथे यूएसबी माइक किंवा वेगळा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि हेडफोन संगणकाला स्वतंत्रपणे जोडणारी पेटी) हाच खरा इलाज आहे.

आतल्या गळतीचा उपाय छोटा आहे. विंडोजमध्ये अनेक साउंड कार्डांसोबत ‘स्टिरिओ मिक्स’ नावाचा पर्याय येतो. संगणकावर जे वाजते ते टिपणे हेच त्याचे काम, त्यामुळे तो निवडलेला असेल तर जुने ट्रॅक नव्यात येणारच. ऑडॅसिटीसारख्या ध्वनिमुद्रणाच्या प्रणालीत रेकॉर्डिंगचे साधन म्हणून स्टिरिओ मिक्स किंवा लूपबॅक (वाजणारा आवाज परत रेकॉर्डिंगकडे वळवणारी सोय) नव्हे, तर प्रत्यक्ष माइकचे नाव निवडावे आणि इंटरफेसवर लूपबॅकची सोय असल्यास तीही बंद करावी. ओव्हरडबचा, म्हणजे रेकॉर्डिंग करताना जुने ट्रॅक ऐकवण्याचा, पर्याय मात्र चालूच ठेवावा. तो बंद केला की गळती थांबल्यासारखी वाटते, पण गायकाला जुना ट्रॅकच ऐकू येत नाही.

हवेतल्या गळतीला अधिक कष्ट पडतात. मागून बंद असलेले, कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्यावेत आणि त्यांचा आवाज गाण्यापुरताच ठेवावा. स्वतःचा सूर ऐकण्यासाठी बुवा एक कप कानावरून सरकवतात, तेव्हा तो उघडा कप थेट माइकपाशी वाजत असतो. अशा वेळी आवाज फक्त झाकलेल्या कानाकडे सोडावा. मेट्रोनोमसाठी तीक्ष्ण टिकटिकीऐवजी मऊ ठोका निवडावा. जांभ्याच्या गिलावा केलेल्या भिंती आणि फरशी आवाज परतवतात, म्हणून गायकाच्या पाठीमागे जाड गोधडी टांगल्याचा उपयोग इथे खरोखर होतो. ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणाऱ्या नॉइज गेटवर फार विसंबू नये: तो ओळींमधल्या मोकळ्या जागा स्वच्छ करतो, पण बुवा गात असताना त्यांच्या आवाजासोबत पखवाजही आत येतोच.

सगळे मंडळ एकत्र बसवून प्रत्येकाला वेगळा माइक दिला असेल तर हवेतली गळती पूर्ण टाळता येत नाही, आणि तसा अट्टहासही धरू नये. समोरासमोर गाण्यात जी लय जमते ती तुकड्यातुकड्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये सहसा येत नाही. तिथे माइक आणि वाद्य यांच्यात जेवढे अंतर असेल त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये ठेवावे. आवाजाला 1 मीटर जायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे एकच बोल दोन माइकांत थोडा मागेपुढे पोहोचतो आणि गळती मोठी असेल तर मिश्रणात पोकळ ऐकू येतो. टाळ-झांजवाल्यांना बुवांच्या कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या) माइकच्या बरोबर मागच्या बाजूला बसवावे, कारण तिकडचा आवाज तो सर्वांत कमी घेतो.