धनावरचा भुजंग

ड्रॅगन मराठी वाचकाला इंग्रजी पुस्तकांतून आणि पुढे पडद्यावरून भेटला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बेळगाव-खानापूर पट्ट्यात वाढून गोष्टी लिहू लागलेल्या मला मात्र ती अर्धीच पटते. पंखांचा, आग ओकणारा ड्रॅगन बाहेरून आला हे खरेच, परंतु पुरलेल्या धनावर वेटोळे घालून बसलेला भुजंग इथल्या जुन्या वाड्यांच्या गोष्टींत आधीपासून होता, आणि अजस्र सापांचे जे वेड मला जन्मभर लागले त्याचे मूळ तिथेच आहे. घराण्याच्या मूळ पुरुषाचा जीव ठेव्यात अडकतो आणि तो नाग होऊन परततो. वय इतके की अंगावर केस उगवलेले. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की हंडा दिसतो, पण हात लावण्यापूर्वी नाग काहीतरी मागतो, आणि ते बहुधा घरातले थोरले मूल असते.

या भुजंगाचा सर्वांत जवळचा भाऊबंद 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यात आहे, ज्याचे एकमेव हस्तलिखित इ. स. १००० च्या सुमाराचे आहे. तिथला ड्रॅगन ३०० वर्षे ठेव राखत बसलेला असतो. त्यातला एक पेला चोरीला जातो, एवढ्यावर तो मुलूख जाळत सुटतो, आणि त्याला मारताना म्हातारा राजाही जिवाला मुकतो. आपला नाग अट घालतो, तो ड्रॅगन थेट सूड घेतो.

वधाची कथा आपल्याकडेही कमी जुनी नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील ३२ व्या सूक्तात इंद्र पाणी अडवून बसलेल्या वृत्राला मारतो, तर पारशी धर्मग्रंथ अवेस्तात तीन तोंडांचा सर्प अजी दहाक येतो. भागवताच्या दशम स्कंधातला अघासुर तर कोणत्याही पाश्चात्त्य ड्रॅगनच्या तोडीचा आहे: अजगराच्या रूपात तो वाटेत जबडा वासून पडतो, वरचा ओठ ढगांना टेकलेला, जीभ रस्त्यासारखी पसरलेली, डोळे वणव्यासारखे, आणि गोपाळ ही कसली मौजेची गुहा म्हणत वासरांसकट आत शिरतात. हा प्रसंग चांगल्या कीर्तनकाराच्या तोंडून ऐकावा. छापील भाषांतरात त्याची निम्मी भीती मरते.

तरीही माझे मन रमले ते दुसऱ्या परंपरेत, जिथे साप मरत नाही, त्याच्याशी करार होतो. कालियाला कृष्ण ठार करत नाही, यमुनेचा डोह सोडून रमणक द्वीपावर जायला लावतो. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे सर्पसत्र, म्हणजे सापांची आहुती देणारा यज्ञ, आस्तिक ऋषी मध्येच थांबवतो. नागपंचमीच्या कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्ले मरतात, ती रात्री येऊन सारे घर डसते आणि मग सासरी असलेल्या लेकीकडे निघते. तिथे पाटावर चंदनाने नाग काढून दुधाचा नैवेद्य दाखवलेला पाहताच तिचा राग उतरतो, आणि ती अमृत देऊन मेलेली माणसे उठवते. त्या दिवशी नांगर धरू नये, चिरू नये, तवा चढवू नये, हे नियम याच कराराची कलमे आहेत, असे मी मानतो.

दगडातली परंपरा याहून वेगळी. चालुक्य आणि कदंब काळातल्या शिल्पींनी सोंड, मगरीचा जबडा आणि पिसाऱ्यासारखी शेपटी एकत्र करून मकर घडवला. कित्येक मंदिरांत अभिषेकाचे पाणी त्याच्याच तोंडातून बाहेर पडते. कर्नाटकाच्या राजचिन्हावर दोन तोंडांचा गंडभेरुंड आणि हत्तीच्या तोंडाचे, सिंहाच्या धडाचे शरभ आहेत, त्यामुळे सीमाभागातल्या मराठी घरांत सरकारी कागदाबरोबर हे प्राणीही येतातच. मात्र ते शोभेचे किंवा सत्तेचे आहेत, त्यांना बोलता येत नाही.

बोलतो तो नागच. वणव्यातून वाचवणाऱ्या नलाला कर्कोटक डसतो तोही त्याला ओळखू न येणारे रूप देण्यासाठी, आणि मूळ रूप परत मिळवून देणारे वस्त्रही तोच देतो. माझ्या गोष्टींतल्या भुजंगांनी तलवारीपेक्षा अशा बोलाचालीला अधिक पाने घेतली आहेत, ती या कर्कोटकामुळेच.