सुगम सारांश

सुगम सारांश : एखाद्या शास्त्रीय संशोधनात काय शोधले, कसे शोधले, काय सापडले आणि त्यावर कितपत विसंबावे, हे त्या विषयाचे शिक्षण नसलेल्या माणसाला कळेल अशा भाषेत सांगणारा छोटा मजकूर. शोधनिबंधाच्या माथ्यावर असतो तो गोषवारा वेगळा. तो संशोधकाने संशोधकासाठी लिहिलेला असतो. त्या गोषवाऱ्याचे मराठी भाषांतर केले म्हणजे सुगम सारांश झाला असेही नाही. हापूस आंब्याचा गर आतून बिघडतो त्या दोषाला ‘स्पंजी ऊतक’ असा शब्द पाडून देवगडच्या बागायतदाराच्या हाती काही लागत नाही. त्याच्या लेखी तो ‘साका’ असतो.

वैद्यकात ही प्रथा आधी रुळली. उपचारांवरील पुराव्यांचा आढावा घेणारी ‘कॉक्रेन’ ही संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली; तिच्या आढाव्यांसोबत असे सारांश दिले जातात. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमानुसार औषधचाचणी संपल्यावर साधारण वर्षभरात सामान्य वाचकासाठी सारांश देणे बंधनकारक आहे. हा नियम जानेवारी २०२२ अखेर लागू झाला. भारतात २००७ मध्ये सुरू झालेल्या औषधचाचण्यांच्या नोंदवहीत प्रत्येक चाचणीला शास्त्रीय शीर्षकाबरोबर एक लोकांसाठीचे शीर्षकही द्यावे लागते, मात्र ते इंग्रजीत. पीएच.डी. करणाऱ्यांनी आपले काम लोकांसाठी लिहावे म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये ‘अवसर’ योजना आणली.

मराठीत शास्त्र सोपे करून सांगण्याची खटपट याहून बरीच जुनी, आणि तिचे एक मूळ कोकणातच आहे. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढले, त्यात शास्त्रीय विषयांवर लेख असत. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची.

कोकणात या लेखनाची खरी परीक्षा हापूसच्या बागेत होते. फळ बाहेरून निर्दोष दिसते. कापल्यावर मात्र आतला गर पांढरट, भुसभुशीत आणि आंबूस निघतो. हा साका. संशोधकांनी त्याची एकाहून अधिक कारणे मांडली आहेत : जमिनीतून वर येणारी उष्णता हे एक, फळ झाडावर असतानाच कोयीत सुरू होणारी रुजण्याची तयारी हे दुसरे. साका टाळण्यासाठी फळ ८० ते ८५ टक्के पक्व असताना काढावे, अशी शिफारस केली जाते. टक्के ऐकून झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) हातात घेतलेला गडी झाडाखाली काय करणार? म्हणून मराठी माहितीपत्रकांत ‘चौदा आणे तयार’ असे लिहितात. सोळा आण्यांचा रुपया १९५७ मध्ये दशमान पद्धतीने मोडीत काढला, पण आंब्यापुरता तो अजून चालतो. हिशेबी माणूस म्हणेल, चौदा आणे म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के. खरे आहे. पण गडी टक्के मोजत नाही. देठाजवळचे खांदे भरले का, गडद हिरवा रंग फिका पडला का, हे तो पाहतो. चौदा आणे हे त्या नजरेचे नाव आहे. त्यामुळे पत्रकात आणे लिहून खुणा गाळल्या, तर नवख्या बागायतदारासाठी ते पत्रक अर्धेच.

सोपा शब्द नेहमी बरोबर वाट दाखवतो असे मात्र नाही. क्यासनूर जंगल रोग हा विषाणूजन्य आजार कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात १९५७ मध्ये ओळखला गेला आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आढळला. त्याला लोक ‘माकडताप’ म्हणतात. नाव जिभेवर बसते, पण दोष माकडाच्या माथी मारते. माणसाला हा ताप येतो तो गोचीड चावल्याने. माकडे स्वतःच त्याने मरतात. काजूच्या हंगामात बागेत जाणाऱ्याने वर झाडाकडे नव्हे, तर खाली पाचोळ्याकडे आणि आपल्या पायांकडे पाहायला हवे. तेव्हा इथे प्रचलित नाव वापरावे, पण पुढच्याच वाक्यात गोचीड आली पाहिजे.

आकड्यांचेही असेच. ‘धोका निम्म्याने घटला’ हे वाक्य हजारांत दोघांऐवजी एकालाच आजार झाला तरी खरे ठरते आणि शंभरात चाळिसांऐवजी वीस जणांना झाला तरीही. किती जणांत, हे लिहिल्यावाचून त्याला अर्थ नाही.

ऑलिव्ह रिडले कासवांची गोष्ट या लेखनाला सर्वांत सोयीची, म्हणून जपून सांगण्याची. २०२२ मध्ये रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली आणि त्यांना प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा, लक्ष्मी अशी नावे दिली. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. यंत्राच्या क्रमांकाऐवजी नाव आल्यामुळे ती कुठवर पोचली याची चौकशी गावागावांत होऊ लागली. पण ‘कोकणातली कासवे बंगालच्या उपसागरात जातात’ असे त्यावरून लिहिणे चूक. गेली ती बागेश्री. ओडिशात २०२१ मध्ये ओळखपट्टी लावलेली मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली, त्यामुळे दोन किनाऱ्यांच्या नात्याला आणखी एक आधार मिळाला, एवढेच म्हणता येते.

समुद्रावर सारांश एका ओळीचा होतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहाने टिपलेले पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासळीच्या संभाव्य जागा ठरवते आणि बंदरापासूनची दिशा, अंतर व खोली मराठीतही कळवते. खोली मीटरमध्ये असते, बोटीवर ती वावांत बोलली जाते. एक वाव म्हणजे सुमारे १.८ मीटर. त्या ओळीतला सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘संभाव्य’. फोनवरून पुढे पाठवताना नेमका तोच गळतो, आणि डिझेल जाळून रिकाम्या जाळ्याने परतलेला तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, पुढच्या वेळी ती ओळ वाचतच नाही.