आधी काय, मग काय?

जून लागला की वाशीम-यवतमाळकडच्या खेड्यांत सोयाबीनचं बियाणं ओसरीवर येतं. पेरणीआधी त्याला बीजप्रक्रिया करायची असते: पहिले बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी रायझोबियम. हा क्रम पाळावाच लागतो. रायझोबियम म्हणजे जिवंत जिवाणू. मुळांवर गाठी करून ते हवेतला नत्र पिकाला देतात. ते आधी चोळले आणि वरून औषध लावलं, तर बिचारे मातीत जाण्याआधीच मरू लागतात.

आता हे वाक्य वाचा: 'जिवाणू संवर्धक लावण्यापूर्वी बुरशीनाशकाची प्रक्रिया करून घ्यावी.' (जिवाणू संवर्धक म्हणजे इथे रायझोबियमच.) व्याकरण चोख आहे. पण जे काम शेवटी करायचं, तेच वाक्यात पहिलं आलंय. भाषाशास्त्रज्ञ ईव्ह क्लार्क यांनी 1971 मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना अशी 'आधी-नंतर'ची वाक्यं ऐकवून ती खेळण्यांनी करून दाखवायला लावली. लहान मुलं बहुतेक वेळा जे आधी ऐकलं तेच आधी करत. 'आधी', 'नंतर' हे शब्द त्यांच्या लेखी नसल्यासारखेच. मोठ्यांनाही हे फुकट जमत नाही. 1998 च्या एका प्रयोगात 'आधी'नं सुरू होणारी इंग्रजी वाक्यं वाचताना मेंदूचे विद्युत संकेत 'नंतर'वाल्या वाक्यांपेक्षा वेगळे दिसले, तेही जेमतेम 300 मिलिसेकंदांत. घटना उलट्या क्रमानं येणार, याची तयारी मेंदू पहिल्याच शब्दाला करत होता. मराठीत तर ही सूचनाही उशिरा मिळते. 'लावण्या' वाचून होतं, चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं, आणि मग 'पूर्वी' येतं. म्हणून मला वाटतं, शेतकऱ्यासाठी लिहिताना हात जसे चालतात तशीच वाक्यं चालावीत: 'पहिले बुरशीनाशक लावा. मग कीटकनाशक. शेवटी रायझोबियम लावून बियाणं सावलीत सुकवा.'

तरी नुसत्या क्रमानं भागत नाही. शब्दाचा अर्थ मेंदू वाक्य संपायची वाट न पाहता लावतो. 'आईनं डाळीला विळ्याची फोडणी दिली' यातल्या 'विळ्याची'पाशी आपण अडखळतो. अशा न जुळणाऱ्या शब्दानंतर साधारण 400 मिलिसेकंदांनी मेंदूत एक ठळक लहर उमटते, हे मेंदूचे अभ्यासक मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी 1980 मध्ये दाखवलं. अडखळायला मात्र अर्थ ठाऊक लागतो. 'जिवाणू' म्हणजे रोगाचे जंतू एवढंच ज्याला माहीत, त्याला त्यांच्यावर औषध चोळणं बरोबरच वाटेल. चुकीचा क्रम त्याला खटकणारच नाही.

शाळेत 'वाक्ये योग्य क्रमाने लावा' असा प्रश्न असतो. पऱ्हाटीची (म्हणजे कपाशीची) पेरणी, निंदण, डवरणी, वेचणी ही वाक्यं उलटसुलट करून दिली, तर आमच्याकडची पोरं ती झटक्यात लावतील. त्यांनी ते शेतात पाहिलेलं असतं. गुरुजींनी याच पोरांना पुढे 'असंच का?' विचारावं आणि उत्तर दोन ओळींत लिहायला लावावं. न पाहिलेल्या गोष्टींचा क्रम लावायला तिथूनच सुरुवात होते.