मुंबईतील चित्रीकरणस्थळे

मुंबई शहरातील ज्या सार्वजनिक वास्तू, रस्ते, उद्याने व किनारे चित्रपटांच्या बाह्यचित्रीकरणासाठी वारंवार वापरले गेले, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. स्टुडिओतील नेपथ्य आणि गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी यांचा त्यात समावेश नाही. गेटवे ऑफ इंडिया, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मरीन ड्राइव्ह आणि हॉर्निमन सर्कलसमोरचा टाउन हॉल ही यांतील सर्वपरिचित स्थळे होत.

आरंभाचा प्रश्न : ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलत्चित्रांचा खेळ झाला. त्यानंतर शहरातील कोणते स्थळ सर्वप्रथम कॅमेऱ्याने टिपले, याविषयी एकमत नाही. सर्वांत बळकट दावा मलबार टेकडीवरील हँगिंग गार्डनचा आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी लंडनहून कॅमेरा मागवून या बागेत पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती चित्रित केली आणि फिल्म धुण्यासाठी पुन्हा लंडनला पाठवली. हे वर्ष काही जुन्या इतिहासग्रंथांत १८९७ असे दिले आहे, तर नंतरच्या कोशांत व सूचींत १८९९ असे. सावेदादांची इतर चित्रणे, उदाहरणार्थ रँग्लर र. पु. परांजपे यांच्या डिसेंबर १९०१ मधील स्वागताचे चित्रण, ज्या काळातली आहेत तो काळ लक्षात घेता १८९९ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

दुसरा दावा रेल्वेस्थानकाचा आहे. मुंबईच्या स्थानकात आगगाडी येत असल्याचे एक चित्रण काही सूचींत १८९८ साली नोंदलेले आढळते. हे स्थानक कुठे चर्चगेट म्हणून दिले आहे, तर कुठे नुसते ‘बॉम्बे स्टेशन’ म्हणून. केवळ शीर्षकावरून स्थळ ठरवणे त्या काळच्या फिल्मांबाबत धोक्याचे असते. १८९९ मधील एका ब्रिटिश कंपनीच्या फिल्मच्या शीर्षकात कलकत्ता आहे, पण तीत दिसणारे घाट वाराणसीचे असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. म्हणून शीर्षकापेक्षा चौकटीत दिसणाऱ्या दगडी बांधकामाचा, कमानींचा आणि पायऱ्यांचा पुरावा श्रेष्ठ मानावा. त्या कसोटीवर ‘बॉम्बे स्टेशन’ म्हणजे बोरीबंदर (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) असे गृहीत धरता येत नाही. शिवाय ही दोन्ही चित्रणे वृत्तस्वरूपाची आहेत. कथाचित्राने शहरातील वास्तूंचा आधार घेतला तो बऱ्याच उशिरा. फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) चे चित्रीकरण दादरच्या आवारात आणि शहराबाहेर वांगणीच्या परिसरात झाले.

बोलपट आल्यावर शहरात चित्रीकरण करणे आणखी अवघड झाले. ध्वनी प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित होत असल्याने बाहेरचा गोंगाट चालत नसे. ‘आलम आरा’ (१९३१) चा स्टुडिओ रेल्वेमार्गालगत होता, म्हणून गाड्या थांबल्यावर मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत काम करावे लागे. हलके कॅमेरे आणि मागाहून ध्वनिमुद्रण करण्याची सोय झाल्यावर रस्त्यावरचे चित्रीकरण पुन्हा वाढले, तरी गाणी आणि नायकाचे शहरातले आगमन एवढ्यापुरतेच ते पुष्कळदा मर्यादित राहिले. स्थानकाचा घुमट, दुमजली बस आणि काळीपिवळी टॅक्सी अशी चार-दोन दृश्ये दाखवली की कथा मुंबईत आली, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नसे.

टाउन हॉल : या वास्तूचा चित्रपटांतील वापर स्वतंत्रपणे नोंदवण्याजोगा आहे. १८३३ मध्ये पूर्ण झालेली ही नवअभिजात शैलीतील इमारत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाची जागा आहे. हिंदी चित्रपटांत मात्र ती न्यायालय म्हणून इतक्या वेळा दिसली आहे, की परगावच्या प्रेक्षकाला ती खरोखर कोर्टच वाटते. याचे कारण तिच्या दर्शनी भागात आहे. रुंद, सलग तीस पायऱ्या आणि वर डोरिक स्तंभांची रांग अशी रचना असल्याने खाली वार्ताहरांचा घोळका, मध्ये वकील आणि वरून उतरणारा आरोपी असे तिन्ही स्तर एकाच चौकटीत बसतात. मुंबई उच्च न्यायालयाची प्रत्यक्ष इमारत गॉथिक शैलीतली आहे. तिला अशा मोकळ्या, समोरून दिसणाऱ्या पायऱ्या नाहीत आणि चालू न्यायालयाच्या आवारात चित्रीकरण सहसा होतही नाही. पडद्यावरच्या या ओळखीमुळे इमारतीतील दुर्मीळ हस्तलिखितांचा संग्रह सामान्य वाचकाच्या नजरेआड राहिला, ही खेदाची गोष्ट आहे.

कालनिश्चिती : चित्रपटात दिसणारी वास्तू हा कालनिर्णयाचा उपयुक्त पुरावा ठरतो, मात्र तो दोन्ही बाजूंनी तपासावा लागतो. गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी ३१ मार्च १९१३ रोजी झाली आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी. पंचम जॉर्ज बादशहा १९११ मध्ये अपोलो बंदरावर उतरले तेव्हा तेथे ही दगडी कमान नव्हती. तेव्हा त्याआधीच्या काळावरील कथेत ती दिसली, तर तो कालविपर्यास समजावा. बोरीबंदर येथील स्थानकाची इमारत १८८७ पासून फारशी बदललेली नसली, तरी नावाच्या पाट्या बदलल्या आहेत. व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द आला. ‘स्लमडॉग मिलियनेअर’ (२००८) मधील अखेरचे समूहनृत्य याच स्थानकाच्या फलाटावर चित्रित झाले आहे.

परवानग्या : रस्ता, किनारा व वास्तू यांची मालकी वेगवेगळी असल्याने महापालिका, पोलीस, वाहतूक शाखा, रेल्वे आणि पुरातत्त्व विभाग यांच्याकडे स्वतंत्रपणे अर्ज करावे लागत. केंद्र-संरक्षित स्मारकांत १९५८ च्या कायद्याखालील नियमांनुसार परवाना लागतो. राज्य शासनाने चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळामार्फत एक खिडकी पद्धत सुरू केली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर गेटवेचा परिसर आणि टर्मिनस येथील बंदोबस्त कडक झाला.