घरगुती जनुकीय चाचणी आणि कोकण

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ऑनलाइन मागवलेल्या नळीत लाळ भरून पाठवायची आणि काही आठवड्यांनी आपल्या पूर्वजांचा व आजारांच्या धोक्याचा अहवाल मोबाइलवर वाचायचा, अशी ही चाचणी असते. यात सहसा संपूर्ण जनुकसंच वाचत नाहीत. डीएनएमधील ठरावीक काही लाख जागाच तपासतात.

अहवालाचा भरवसा तुलनेसाठी कोणाचे नमुने घेतले यावर ठरतो. जनुकीय संशोधनातले बहुसंख्य नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत, आणि कोकणात तर शतकानुशतके लग्ने जातीत, पंचक्रोशीत होत आली, त्यामुळे इथले जनुकबदल त्या नमुन्यांत सापडतीलच असे नाही. अमेरिकी औषध नियामकाने २०१८ मध्ये अशा चाचण्या विकणाऱ्या ट्वेंटीथ्री-अँड-मी कंपनीला स्तनकर्करोगाशी निगडित बीआरसीए जनुकांतले तीन बदल थेट ग्राहकांना कळवण्याची मुभा दिली. ते तिन्ही प्रामुख्याने अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातल्या वंशाच्या, ज्यूंमध्ये आढळणारे. या जनुकांतले घातक बदल मात्र हजाराहून अधिक आहेत. त्यामुळे ज्या मालवणी बाईच्या आईला आणि मावशीला हा कर्करोग झाला, तिने ‘दोष आढळला नाही’ एवढे वाचून तपासणी टाळणे धोक्याचे आहे.

पूर्वजांच्या शोधात मात्र जनुकशास्त्राने या किनाऱ्याला खरोखर काही दिले. अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण झालो, अशी कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाची परंपरा आहे. २०१६ च्या अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे ठळक दिसले. पण ते समूहाचे संशोधन होते. एका माणसाच्या अहवालातले टक्के तितके पक्के नसतात.

थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार; स्वतःला तो नसूनही त्याचा दोष मुलांना देऊ शकणारा माणूस म्हणजे वाहक. लग्नाआधी हे वाहकत्व कळणे हा मोठा लाभ. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. मामेबहिणीशी लग्नाची रीत असलेल्या घरांनी तर हे पाहावेच. मात्र त्यासाठी हिमोग्लोबिन ए-२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) मोजणारी साधी रक्तचाचणी स्वस्त आणि अधिक उपयोगी पडते.

लाळ एकाची असली तरी माहिती साऱ्या भावकीची असते, आणि तिची संमती कोणी विचारत नाही. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. आरोग्य विम्यातून जनुकीय आजार सरसकट वगळणे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बेकायदा ठरवले, हा थोडा दिलासा.

चिंताजनक निष्कर्ष वैद्यकीय प्रयोगशाळेत पुन्हा तपासून जनुकीय समुपदेशकाला, म्हणजे अहवालाचा अर्थ समजावणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवावा लागतो. रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. सावंतवाडीच्या माणसाला तिथे पोहोचायला रात्रीची रेल्वे धरावी लागते. नळी घरपोच येते, समुपदेशक येत नाही.